पंचेचाळीसचा हिशेब

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

‘माझं वय ३६. आम्हाला पाच वर्षांची मुलगी आहे, ठणठणीत. तिच्यानंतर दोन वर्षांत पत्नीचे दोन गर्भपात झाले, दोन्ही तिसरा महिना पुरा व्हायच्या आत. डॉक्टरांनी आम्हा दोघांची कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट माझ्या मेलवर आले. तिचा ४६, एक्सएक्स. माझा असा: ४५, एक्सवाय, डेर (१३;१४)(क्यू१०;क्यू१०). बारावीला जीवशास्त्र होतं, त्यामुळे ४६ हा आकडा डोक्यात पक्का आहे. एक क्रोमोसोम जास्त झाला तर काय होतं, तेही शिकलो होतो. मग एक कमी असलेला माणूस जगतो कसा? माझ्यात नेमकं काय नाहीये? आणि मुलगी कशी काय नीट जन्मली? पत्नीला अजून काही बोललो नाही. रिपोर्ट यायचेत, एवढंच सांगितलंय. ती ऑफिसचा जिना रोज चढत होती, त्यालाच दोष देत बसते आणि मी गप्प ऐकून घेतो.
– एक कमी’

पहिलं म्हणजे ही सही बदला. तुमच्यातला एक क्रोमोसोम हरवलेला नाही. दोन क्रोमोसोम एकमेकांना जोडले गेलेत, म्हणून मोजताना आकडा एकाने कमी भरतो. कपाटात ४६ वह्या होत्या, त्यातल्या दोन कुणी एकत्र बाइंड केल्या. आता वह्या ४५ झाल्या, पण मजकूर तोच राहिला. बाइंड करताना दोन्हींची सुरुवातीची चार पानं गळली हे खरं, पण त्याच पानांच्या प्रती कपाटातल्या आणखी आठ वह्यांमध्ये आहेत. ही आठ वह्यांची गोष्ट मी उगाच रचलेली नाही, खाली सांगते.

रिपोर्टची ओळ वाचू. ४५ म्हणजे एकूण संख्या, एक्सवाय म्हणजे लिंग ठरवणारी जोडी. ‘डेर’ म्हणजे मूळ रूप बदलून तयार झालेला क्रोमोसोम. १३;१४ म्हणजे तो कुठल्या दोघांचा मिळून झालाय. प्रत्येक क्रोमोसोमला मध्ये कुठेतरी आवळल्यासारखी जागा असते, तो गुणसूत्रबिंदू. त्याच्या एका बाजूच्या आखूड भुजेला पी म्हणतात, दुसऱ्या बाजूच्या लांब भुजेला क्यू. पी आला तो ‘लहान’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आणि क्यू केवळ त्याच्या पुढचं अक्षर म्हणून. शास्त्रज्ञही कधीकधी असे उरकून टाकतात. क्यू१० म्हणजे जोड अगदी गुणसूत्रबिंदूपाशीच आहे. थोडक्यात, १३ ची लांब भुजा आणि १४ ची लांब भुजा बिंदूपाशी एक झाल्या आणि दोघांच्या आखूड भुजा गळून गेल्या. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये नाकतोड्यांमध्ये असे जोड वर्णन केले होते, त्यांच्यावरून हे नाव. माणसांमध्ये साधारण हजारात एकाला असा जोड असतो, आणि त्यातही १३ आणि १४ ची जोडगोळी सर्वांत जास्त दिसते. बहुतेकांना याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आता त्या आठ वह्या. माणसाच्या २३ जोड्यांपैकी १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांचा बिंदू जवळजवळ टोकाला असतो. आपल्या पाठ्यपुस्तकात यांना अग्रकेंद्री म्हणतात. यांची आखूड भुजा म्हणजे जेमतेम एक बोंडूक, आणि त्यात मुख्यतः रायबोसोम बनवायला लागणाऱ्या आरएनएच्या जनुकांच्या पुन्हा पुन्हा तशाच प्रती असतात. पाच जोड्या म्हणजे दहा बोंडकं. तुमची दोन गेली, आठ उरली. पेशीला तेवढी पुरतात. म्हणून तुमच्या तब्येतीवर याचा काही परिणाम नाही आणि होणारही नाही.

हे एवढं खात्रीने सांगते, कारण लिहायला लागण्याआधी काही वर्षं मी अशाच एका प्रयोगशाळेत होते. तुमच्या हातातून काढलेल्या रक्ताचं तिथे काय होतं, ते थोडं सांगते. रिपोर्टवर विश्वास ठेवायला त्याचा उपयोग होईल. तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, म्हणून काम चालतं पांढऱ्या पेशींवर. पण त्या रक्तात निवांत असतात, विभाजन करत नाहीत, आणि विभाजन चालू नसेल तर क्रोमोसोम दिसतच नाहीत. धाग्यांचा नुसता गुंता असतो. म्हणून त्यांना एका वनस्पतिजन्य प्रथिनाने डिवचायचं, ३७ अंशांवर तीन दिवस वाढू द्यायचं, आणि विभाजन ऐन रंगात आलं की कोल्चिसिनसारखं औषध घालून आहे तिथेच थोपवायचं. मग पातळ क्षाराच्या पाण्यात पेशी फुगवायच्या. ही फुगवण्याची युक्ती १९५० च्या दशकात हाताशी आली आणि सगळा विषयच बदलला. त्याआधी क्रोमोसोम एकमेकांवर चढलेले दिसत. म्हणून तर १९२० च्या दशकापासून तीसेक वर्षं माणसाचे क्रोमोसोम ४८ आहेत असंच शिकवलं जात होतं. ४६ हा आकडा आला १९५६ मध्ये, जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमध्ये केलेल्या कामातून. तुम्ही जो आकडा ब्रह्मवाक्य समजून घाबरलात, तो शंभर वर्षांचाही नाही.

फुगलेल्या पेशी काचपट्टीवर वरून थेंब टाकून फोडायच्या. त्या थेंबाची उंची, हवेतला दमटपणा, काच किती ओली, यावर एकेकीचे ठाम सिद्धांत असत आणि कुणाचे कुणाशी जुळत नसत. मग ट्रिप्सिन, मग जीम्सा नावाचा रंग, आणि प्रत्येक क्रोमोसोमवर गडद-फिकट पट्टे उठतात. त्या पट्ट्यांवरून कोण कुठला ते ओळखायचं. आता हे स्क्रीनवर होतं. मी शिकले तेव्हा फोटोची प्रिंट काढून कात्रीने एकेक क्रोमोसोम कापायचा आणि जाड कागदावर डिंकाने चिकटवायचा. एका दुपारी माझे ४५ च भरले. दोनदा मोजलं, घाम फुटला, वरिष्ठांना हाक मारायला उठले तर त्या म्हणाल्या, बाई, कोपर बघ. २२ नंबर माझ्या बाहीला चिकटला होता. एका पेशीवरून काही ठरवायचं नाही, हा नियम तेव्हा मला पटला. नेहमीच्या तपासणीत साधारण वीस पेशी बघतात. तुमच्या सगळ्या पेशींत हेच दिसलं म्हणून रिपोर्ट तसा आलाय. कुणाची बाही आड आलेली नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र ‘जोडी’ या शब्दात आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्राने तिथेच गोंधळ करून ठेवलाय. त्या चित्रात क्रोमोसोम दोन-दोन असे शेजारी उभे असतात, शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे. पेशीत ते तसे नसतात. १३ नंबरचा एक तुमच्या आईकडून आला, एक वडिलांकडून. दोघांवर तीच जनुकं त्याच क्रमाने आहेत, म्हणून ते सजातीय. पण शरीराच्या साध्या पेशीत त्यांचा एकमेकांशी विशेष संबंध नसतो. एक या कोपऱ्यात, दुसरा त्या. त्यांना रांगेत उभं करतो तो प्रयोगशाळेतला माणूस, मोठ्यापासून लहानापर्यंत. (त्यातही २१ नंबर खरं तर २२ पेक्षा लहान निघाला, पण तोवर डाउन सिंड्रोमशी २१ हे नाव जोडलं गेलं होतं, म्हणून क्रम तसाच ठेवला.) आणखी एक गोंधळ: चित्रातला इंग्रजी एक्ससारखा दिसणारा आकार म्हणजे जोडी नव्हे. तो एकच क्रोमोसोम, विभाजनाआधी स्वतःची नक्कल करून बिंदूपाशी चिकटून राहिलेला. जोडी म्हणजे असे दोन एक्स. बारावीच्या कितीतरी मुलांना मी हे समजावलंय आणि निम्म्यांनी परीक्षेत पुन्हा तेच लिहिलंय.

साध्या पेशीचं विभाजन होताना प्रत्येक क्रोमोसोमची नक्कल दोन्हीकडे जाते. तिथे जोडीदार शोधायची गरजच पडत नाही. तुमचा जोडक्रोमोसोमही बिनबोभाट नक्कल करतो आणि वाटला जातो. म्हणून ३६ वर्षं तुमचं सगळं सुरळीत चाललं. जोडीदार एकमेकांना खरोखर शोधतात, शेजारी येऊन चिकटतात, ते आयुष्यात एकाच कामासाठी: शुक्राणू किंवा बीजांड बनताना. अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात ते हेच. तुमचा प्रश्न फक्त तिथे उभा राहतो.

संख्येने माणूस ठरत नाही, जोडी लागते की नाही यावर पुढचं ठरतं, हे प्राण्यांकडे पाहिलं की स्पष्ट होतं. वाटाण्याचे १४, कांद्याचे १६, मांजरीचे ३८, कुत्र्याचे ७८. कुत्रा आपल्यापेक्षा गुंतागुंतीचा म्हणून त्याचे जास्त, असं काही नाही. भारतीय भेकराच्या मादीचे फक्त ६ आणि नराचे ७, तर त्याच्या चुलत्याचे, चिनी भेकराचे ४६. दिसायला दोघं जवळपास सारखेच. मधमाशीचा नर तर १६ वरच जगतो, त्याला जोड्याच नाहीत, कारण तो फलन न झालेल्या अंड्यातून येतो. राणी आणि कामकरी ३२ च्या. आणि आता तुमच्या जवळची दोन उदाहरणं. घोड्याचे ६४, गाढवाचे ६२, खेचराचे ६३. खेचर धडधाकट, कष्टाळू, पण जवळजवळ नेहमीच वांझ, कारण दोन्हीकडचे क्रोमोसोम इतके बदललेत की जोडीदार नीट जुळत नाहीत. हे वाचून लगेच घाबरू नका, दुसरं उदाहरण बघा. मंगोलियातला रानघोडा, प्रझेवाल्स्कीचा, त्याचे ६६. त्याचा आणि पाळीव घोडीचा संकर ६५ चा होतो, आणि त्याला पिल्लं होतात. का? कारण तिथे फरक तुमच्यासारख्याच एका जोडाचा आहे. रानघोड्याचे दोन सुटे क्रोमोसोम पाळीव घोड्यात एकत्र आलेत, मजकूर तोच. विषम आकडा असूनही वाटणी बहुतेक वेळा जमते. तुम्ही खेचराच्या नाही, या दुसऱ्या गटातले.

आणखी एक सांगून टाकते, कारण मला ते फार आवडतं. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांचे ४८. आपले ४६ झाले ते आपल्या पूर्वजांत दोन क्रोमोसोम टोकाला टोक जोडून आपला आजचा २ नंबर झाला म्हणून. तो सांधा आजही ओळखू येतो. जोडाची तऱ्हा तुमच्याहून वेगळी, पण आकड्याचा हिशेब तोच. म्हणजे कधीतरी कुणीतरी एक पूर्वज होता, ज्याचे बाकी सगळ्यांपेक्षा एकाने कमी भरत होते.

वाटणी कशी होते, ते पायमोज्यांनी करून बघा. एक लाल जोडी घ्या, ती १३. एक निळी, ती १४. आता एक लाल आणि एक निळा मोजा दोन टाके घालून शिवून टाका. तुमच्याकडे आता तीन नग आहेत: सुटा लाल, सुटा निळा आणि शिवलेला. हे दोन पिशव्यांत वाटायचे. प्रत्येक पिशवी म्हणजे एक शुक्राणू, आणि प्रत्येकीत एक लाल, एक निळा हवा. शिवलेला इकडे आणि दोन्ही सुटे तिकडे गेले, तर दोन्ही पिशव्या बरोबर. एकीतून पूर्ण नेहमीसारखं मूल होईल, दुसरीतून तुमच्यासारखं ४५ चं. तुमची मुलगी यांपैकी एकीतून आली. पण शिवलेल्याबरोबर सुटा लाल गेला, तर एका पिशवीत दोन लाल आणि दुसरीत लाल नाहीच. निळ्याचंही तसंच. या चार पिशव्या चुकीच्या. कागदावर सहापैकी चार चुकीच्या दिसतात आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. पण पेशी चिठ्ठ्या टाकून वाटत नाही. तिन्ही नग शेजारी येऊन रांगेत लागतात आणि त्यांची ठेवणच अशी असते की बहुसंख्य शुक्राणूंमध्ये वाटणी बरोबर होते.

चुकलेल्या पिशव्यांचं पुढे काय? १३ किंवा १४ चा एकच असलेला गर्भ फार सुरुवातीलाच थांबतो, बऱ्याचदा पाळी चुकली हे कळायच्याही आत. १४ चे तीन असतील तर गर्भपात होतो. १३ चे तीन असलेलेही बहुतेक गर्भ गळतात. क्वचित जन्मापर्यंत जातात, त्याला पटाऊ सिंड्रोम म्हणतात आणि तो गंभीर असतो. जोड वडिलांकडे असेल, तर असं मूल जन्माला येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. आणखी एक दुर्मीळ गोष्ट म्हणजे १४ च्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून येणं. आकडा बरोबर दिसतो, पण काही जनुकं आईकडून आली की वडिलांकडून याने फरक पडतो. त्यासाठी गरोदरपणी वेगळी चाचणी असते. समुपदेशकांना नाव घेऊन विचारा.

मग ते दोन गर्भपात तुमच्यामुळे झाले का? कदाचित. कदाचित नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास क्रोमोसोमच्या चुकीने होतात, आणि ज्या जोडप्यांचे रिपोर्ट अगदी ४६-४६ असतात त्यांच्यातही होतात. गर्भाच्या ऊतीची तपासणी झाली नसेल, तर आता कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. त्यामुळे पत्नीने जिन्याला बोल लावू नये, तसा तुम्हीही दोन्हींचा दोष १३-१४ वर ढकलू नका.

तुम्ही रिपोर्ट दडवलाय त्याबद्दल मी ओरडणार नाही, चार दिवस माणूस गोंधळतो. पण ती जिन्याचं बोलते आणि तुम्ही ऐकून घेता, हे मात्र मला खटकलं. तुमच्या मेलमध्ये जे आहे, ते तिला तिच्या त्रासातून सोडवणारं आहे आणि तुम्ही ते स्वतःच्या लाजेखाली दाबून ठेवलंय. लाज कसली? हा जोड तुम्ही गर्भात यायच्या वेळीच ठरलेला. वडिलांकडून आला असेल, आईकडून आला असेल, किंवा तुमच्यातच पहिल्यांदा झाला असेल. त्यात कुणाच्या वागण्याचा, खाण्यापिण्याचा संबंध नाही.

पुढच्या गोष्टी भराभर सांगते. जनुकीय समुपदेशकाकडे दोघं मिळून जा, एकटे नको. आई-वडिलांची तपासणी करता आली तर जोड कुठल्या बाजूने आला ते कळेल, आणि मग तुमच्या भावाबहिणींना सांगायला हवं. एखादीचे गर्भपात होत असतील आणि कारण सापडत नसेल, तर हाच धागा असू शकतो. पुन्हा दिवस राहिले तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन किंवा पंधराव्यानंतर गर्भजल घेऊन गर्भाचा कॅरिओटाइप बघता येतो. या दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो विचारून घ्या. टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ रोपण्याआधी तपासण्याचाही मार्ग आहे, पण तुमच्यासारखी बरीच जोडपी त्याच्याशिवायच निरोगी बाळापर्यंत पोचतात. एक मूल तुम्हाला आपसूक झालंय, हे समुपदेशकाला आवर्जून सांगा. मुलीची तपासणी आत्ता करू नका. ती ४६ ची असेल किंवा ४५ ची, दोन्हींत तिच्या बालपणाला काही फरक पडत नाही. मोठी झाल्यावर तिला सांगा. तपासायचं की नाही ते ती ठरवेल. फक्त रिपोर्टची प्रत जपून ठेवा, वीस वर्षांनी ती लागेल.

रिपोर्टबरोबर क्रोमोसोमचं चित्र आलं असेल, ते छापून घ्या. १३ आणि १४ या दोन जागी मिळून चारऐवजी तीन नग दिसतील. त्यातले दोन आखूड आणि एक लांब, मध्ये आवळलेला. प्रयोगशाळेच्या पद्धतीप्रमाणे तो १३ च्या जागी असेल किंवा १४ च्या. तो तिला बोट ठेवून दाखवा. पण चित्र बाहेर काढायच्या आधी जिन्याचं सांगून टाका: जिना चढल्याने गर्भपात होत नाही. एवढं आज रात्रीच सांगा. मोजे उद्या काढलेत तरी चालेल.